मातृहीन मार्जारशावकांचे गृहसंगोपन

१. प्रश्नाचे स्वरूप

इमारतीच्या जिन्याखाली, लाकडाच्या वखारीत, माळ्यावरील अडगळीत किंवा उभ्या मोटारीच्या आसऱ्याला मांजरी व्याल्याचे आणि पुढे तिची पिले एकाकी सापडल्याचे उदाहरण महाराष्ट्रातील कोणत्याही शहरात दुर्मीळ नाही. अशी पिले दृष्टीस पडल्यावर ती उचलून घरी आणणे, त्यांच्यापुढे बशीत गाईचे दूध ठेवणे आणि दोनचार दिवसांत ती दगावली म्हणजे हळहळणे, हा क्रमही तितकाच परिचित आहे. या क्रमात दयाबुद्धीची उणीव नसते. उणीव असते ती मांजरीचे मातृत्व म्हणजे नेमकी कोणकोणती कार्ये, याविषयीच्या ज्ञानाची.

भक्तिमार्गाच्या तत्त्वचर्चेत मर्कटन्याय आणि मार्जारन्याय ही जोडी प्रसिद्ध आहे. माकडाचे पिलू आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरून राहते. मांजरीचे पिलू काहीच करीत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते. श्रीवैष्णव संप्रदायातील तेंकलै शाखेने शरणागतीचे स्वरूप सांगण्यासाठी हा दुसरा दृष्टान्त स्वीकारला. प्राणिशास्त्राच्या दृष्टीनेही या दृष्टान्तामागील निरीक्षण अचूक आहे. मानेवरील कातडे आईने धरताच पिलू अंग सैल सोडते व निश्चल होते. परंतु हे परावलंबन केवळ स्थलांतरापुरते नाही. नवजात पिलाची शरीरोष्णता, आहार, मलमूत्रविसर्जन, रोगप्रतिकार आणि पुढे वर्तनाचे शिक्षण ही सर्वच कार्ये आईकडे असतात. आई नसल्यास त्या सर्वांचा भार संगोपन करणाऱ्यावर येतो, आणि त्यांपैकी एकही राहून गेले तर बाकीची केलेली व्यर्थ होतात.

अनाथ प्राण्यांसाठी संस्था काढण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. मुंबईचा पांजरपोळ १८३४ मधील आहे. प्राण्यांवरील क्रौर्याचा प्रतिबंध करणारी तेथील संस्था १८७४ पासून कार्य करीत आहे. तथापि दूधपित्या पिलांच्या बाबतीत संस्थेची बलस्थानेच तिच्या मर्यादा ठरतात. जेथे अनेक प्राणी एकत्र येतात तेथे संसर्गही एकत्र येतो, आणि दर दोनतीन तासांनी, रात्रीसुद्धा, एकेका पिलाला पाजण्याइतके मनुष्यबळ क्वचितच उपलब्ध असते. म्हणून पिलू स्वावलंबी होईपर्यंत त्याला एखाद्या घरी ठेवावे आणि नंतर कायमचे घर शोधून द्यावे, अशी द्विस्तरीय पद्धती अनेक देशांत रूढ झाली. यातील पहिल्या टप्प्याला येथे ‘संगोपन’ आणि दुसऱ्याला ‘दत्तक’ म्हटले आहे. हे दोन टप्पे वेगळे का ठेवावेत, याचा विचार शेवटी येईल.

२. पिलू खरोखरच मातृहीन आहे काय?

मांजरी आपली पिले सात घरे फिरवते, अशी समजूत आपल्याकडे सार्वत्रिक आहे. यातील ‘सात’ ही संख्या सोडली तर मूळ निरीक्षण खरे आहे. जागा असुरक्षित वाटली, घाण झाली किंवा माणसांची वर्दळ वाढली की मांजरी पिले एकेक करून दुसरीकडे हलवते. अशा वेळी काही पिले नव्या जागी, काही जुन्या जागी आणि एखादे वाटेत, अशी स्थिती काही काळ असते. शिवाय अन्नासाठी मांजरीला काही तास दूर जावेच लागते. म्हणजे एकटे दिसणारे प्रत्येक पिलू अनाथ नसते. किंबहुना सद्हेतूने उचलल्यामुळेच अनाथ झालेली पिले थोडी नसावीत.

यासाठी काही खुणा लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. पिले एकमेकांना बिलगून स्वस्थ झोपलेली, अंगाने कोरडी व उबदार, पोटाने भरलेली असतील तर आई नुकतीच येऊन गेली आहे असे समजावे. ती गार, मळकी, हाडे लागणारी, सतत ओरडणारी किंवा अंगावर मुंग्या व माशा बसलेली असतील तर आई बराच वेळ आलेली नाही. पहिल्या प्रकारात दुरून लक्ष ठेवून काही तास थांबणे, हेच साहाय्य होय. जवळ उभे राहिल्यास मांजरी परत येत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. पुराचे पाणी, वाहने, कुत्रे यांपासून तत्काळ धोका असेल तर अर्थातच हा विलंब क्षम्य नाही.

आईचे एवढे महत्त्व का, याचे एक कारण चीक हे आहे. मांजरीच्या वारेतून गर्भाकडे प्रतिपिंडे फारच अल्प प्रमाणात जातात. बहुतेक सर्व जन्मानंतरच्या दुधातून मिळतात. परंतु पिलाच्या आतड्याची ही प्रतिपिंडे जशीच्या तशी रक्तात शोषून घेण्याची शक्ती जन्मापासून सुमारे सोळा तासांतच संपुष्टात येते. या अवधीत आईचे दूध न मिळालेल्या पिलाला नंतर कितीही उत्तम आहार दिला तरी ही उणीव त्यातून भरून निघत नाही. म्हणून आई सापडत असेल तर पिले व आई यांना एकत्रच आणून आसरा द्यावा, आणि पिले दूध सोडल्यानंतर मांजरीचे निर्बीजीकरण करावे, हा सर्वांत श्रेयस्कर मार्ग होय.

३. प्रथम उष्णता, नंतर आहार

सापडलेल्या पिलाला तत्काळ दूध पाजणे ही स्वाभाविक परंतु घातक चूक आहे. जन्मतः पिलाचे वजन सुमारे १०० ग्रॅम असते. एवढ्या लहान शरीरात वजनाच्या मानाने पृष्ठभाग मोठा असल्यामुळे उष्णता त्वरित निघून जाते, आणि कुडकुडून उष्णता निर्माण करण्याची प्रतिक्रिया पहिल्या आठवड्यात विकसित झालेली नसते. प्रौढ मांजराचे तापमान ३८ अंश सेल्सिअसहून थोडे अधिक असते. पहिल्या आठवड्यातील पिलाचे निरोगी अवस्थेतही ३५ ते ३६ अंशांच्या आसपासच राहते. आईची कूस आणि भावंडांचे अंग हीच त्याची शेकोटी असते. याहून तापमान उतरले की आतड्यांची हालचाल मंदावते व गिळण्याची प्रतिक्रिया क्षीण होते. अशा अवस्थेत पाजलेले दूध पोटात पचत नाही, कुजते. किंवा श्वासमार्गात जाऊन फुप्फुसदाह उत्पन्न करते. भुकेने मरू नये म्हणून दिलेले दूधच अशा प्रकारे मृत्यूचे कारण होते.

म्हणून प्रथम पिलाला ऊब द्यावी. गरम पाण्याची पिशवी किंवा बाटली जाड फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूस ठेवावी व दुसरी बाजू मोकळी सोडावी, म्हणजे उष्मा अधिक झाल्यास पिलाला सरकता येईल. पहिल्या आठवड्यात भोवतालचे तापमान २९ ते ३२ अंश असणे इष्ट असते. गारठलेल्या पिलाचे अंग घाईने तापवणेही अपायकारक आहे. ते तासा-दोन तासांत हळूहळू उबदार व्हावे. कोकणात व मुंबईत हवा उष्ण असल्यामुळे या गोष्टीची गरज नाही असे मानले जाते. परंतु पावसात भिजलेले, लादीवर पडलेले किंवा पंख्याखाली ठेवलेले पिलू तेथेही गारठते. तळव्याला पिलाचे पोट व पंजे कोमट लागू लागले आणि ते तोंड फिरवून आचळ शोधू लागले, म्हणजे ते आहारास योग्य झाले असे समजावे.

४. दूध : कोणते, किती आणि कसे

मांजरीच्या दुधात गाईच्या दुधाच्या जवळजवळ दुप्पट प्रथिने असतात, स्निग्धांशही अधिक असतो, आणि दुग्धशर्करा मात्र काहीशी कमी असते. त्यामुळे गाईच्या दुधावर ठेवलेल्या पिलाला एकीकडे पोषण अपुरे पडते व दुसरीकडे न पचलेल्या शर्करेमुळे हगवण लागते. शंभर-दीडशे ग्रॅम वजनाच्या प्राण्याच्या बाबतीत एका दिवसाची हगवणही शरीरातील पाणी आटवून प्राणावर बेतते. दुधात पाणी घालून ते ‘हलके’ करण्याची घरगुती रीत तर उलट परिणामाची आहे. शर्करेबरोबर आधीच अपुरी असलेली प्रथिनेही त्यामुळे पातळ होतात. मांजराच्या पिलांसाठी मुद्दाम तयार केलेली दुधाची भुकटी पशुवैद्यांकडे किंवा प्राण्यांच्या खाद्याच्या दुकानात मिळते, तीच वापरावी.

किती पाजावे, याचे गणित सोपे आहे. पिलाला वजनाच्या दर १०० ग्रॅममागे दिवसाला सुमारे २० कॅलरी लागतात. सर्वसाधारण तयार दुधाच्या एका मिलिलिटरमध्ये सुमारे एक कॅलरी असते. म्हणजे १०० ग्रॅमच्या पिलाला दिवसाला २० मिलिलिटर दूध हवे. परंतु त्याच्या जठरात एका वेळी चार मिलिलिटरच्या आसपासच दूध सुखाने मावते. यावरून दिवसाला किमान पाचसहा वेळा पाजणे अटळ ठरते, आणि पहिल्या आठवड्यात शरीरात शर्करेचा साठा अत्यल्प असल्यामुळे हे अंतर दोन ते तीन तासांवर आणावे लागते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ते तीन ते चार तास व चौथ्यात पाच ते सहा तास करता येते. रात्रीचे पाजणे वगळता येत नाही. ज्या घराला हे शक्य नाही, त्याने चार आठवड्यांपुढील पिलांचे संगोपन स्वीकारावे. त्यात कमीपणा नाही. कारण त्या वयाच्या पिलांनाही घराची तितकीच गरज असते.

पाजताना पिलाला तान्ह्या मुलाप्रमाणे उताणे धरू नये. ते आईला पिते तसे पालथे, डोके किंचित वर असे ठेवावे. दूध पिचकारीने जोराने न सोडता त्याच्या चोखण्याच्या गतीने द्यावे. पाजल्यानंतर आणखी एक कार्य उरते, आणि अनभिज्ञतेमुळे तेच बहुधा राहून जाते. सुमारे तीन आठवड्यांपर्यंत पिलाला स्वतः मलमूत्रविसर्जन करता येत नाही. आईच्या चाटण्याने ती प्रतिक्रिया जागृत होते. प्रत्येक वेळी कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने गुद व मूत्रद्वार हलकेच पुसल्यास हे कार्य साधते.

या सर्व परिश्रमांचे फलित मोजण्याचे विश्वसनीय साधन म्हणजे स्वयंपाकघरातील तराजू होय. निरोगी पिलाचे वजन दररोज सुमारे १० ते १५ ग्रॅमनी वाढते. त्याच्या खेळकरपणावरून किंवा ओरडण्यावरून केलेला अंदाज फसवा असतो. वजन मात्र आजाराची सूचना लक्षणांच्या आधी देते. चोवीस तासांत वजन वाढले नाही तर कारण शोधावे, घटले तर पशुवैद्याकडे जावे.

५. दूधभाताचा प्रश्न

चौथ्या आठवड्याच्या सुमारास दुधाचे दात येऊ लागतात व पिलू घन आहाराकडे वळते. महाराष्ट्रातील घरांत या वेळी त्याच्यापुढे दूधभात किंवा दूधपोळी येते. शाकाहारी कुटुंबांत हा केवळ सवयीचा नव्हे, तर आचाराचा प्रश्न असतो, आणि म्हणून त्याची शास्त्रीय बाजू स्पष्टपणे मांडली पाहिजे.

मांजर हे अनिवार्यतः मांसाहारी आहे. याचा अर्थ त्याला मांस आवडते एवढाच नसून, अन्य सस्तन प्राणी वनस्पतिजन्य घटकांपासून जे पदार्थ शरीरात बनवतात त्यांपैकी काही मांजराला बनवता येत नाहीत, असा आहे. जीवनसत्त्व अ त्याला तयार स्वरूपातच लागते. गाजरातील पीतद्रव्य त्याच्या कामाचे नाही. टॉरिन या द्रव्याची कथा अधिक बोधप्रद आहे. टॉरिनविरहित आहारामुळे मांजरांच्या दृष्टिपटलाचा ऱ्हास होतो, हे १९७५ मध्ये सिद्ध झाले. त्याच्याच अभावामुळे हृदयाचे स्नायू शिथिल होऊन हृदय फुगते आणि टॉरिन दिल्यास ही अवस्था पुष्कळ अंशी सुधारते, हे १९८७ मध्ये निदर्शनास आले. वनस्पतिजन्य अन्नात टॉरिन जवळजवळ नसते, आणि गाईच्या दुधातही ते फार अल्प असते. दूधभातावर वाढलेले मांजर प्रथमदर्शनी धडधाकट दिसते, याचे कारण ही हानी सावकाश होते आणि दरम्यान ते बाहेर उंदीर, पाली वा मासळीचे अवशेष मिळवीत असते. घरातच कोंडून ठेवलेल्या मांजराला हा मार्गही उरत नाही. म्हणून मांस, मासळी किंवा मांजरांसाठीचे संपूर्ण तयार खाद्य घरात आणणे ज्या कुटुंबाला मान्य नाही, त्याने मांजर दत्तक घेऊ नये, हे अप्रिय असले तरी सत्य आहे. तयार खाद्यामुळे स्वयंपाकघरात मांस शिजवण्याची गरज राहत नाही, आणि पुष्कळ शाकाहारी घरांनी तेवढी तडजोड स्वीकारलीही आहे.

६. रोग आणि विलग्नवास

घरात आधीचे मांजर असल्यास नव्या पिलांना किमान दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावे. सर्वांत भयावह रोग म्हणजे मांजरांचा पार्व्हो विषाणुजन्य रोग. त्यात पांढऱ्या पेशी घटतात, वांत्या व हगवण होतात आणि लहान पिले अल्पावधीत मरतात. हा विषाणू भिंती, भांडी व अंथरूण यांवर महिनोन्महिने टिकतो. साध्या साबणाने तो नष्ट होत नाही. विरंजक द्रावणाने होतो. ज्या घरात या रोगाने पिलू दगावले असेल तेथे लस न घेतलेले दुसरे पिलू लगेच आणू नये.

लसीकरण सहा ते आठ आठवड्यांच्या वयात आरंभून तीन ते चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत का करावे लागते, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. याचे उत्तर पुन्हा आईच्या चिकात आहे. आईकडून आलेली प्रतिपिंडे रोगाला जशी रोखतात तशीच लसीलाही रोखतात. ती केव्हा संपतील हे प्रत्येक पिलागणिक भिन्न असते. मात्रांची पुनरावृत्ती ही या अनिश्चिततेवरील योजना होय. बारा आठवड्यांनंतर रेबीजची लसही आवश्यक आहे. लस नसलेल्या पिलाने चावल्यास किंवा ओरबाडल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी वैद्यकीय सल्ला घ्यावा. पिलू लहान आहे म्हणून दुर्लक्ष करू नये.

गर्भवती स्त्रियांच्या संदर्भात टॉक्सोप्लाझ्मा या परोपजीवीचे नाव घेतले जाते. त्याच्या जीवनचक्राची लैंगिक अवस्था मांजराच्या आतड्यात पूर्ण होते, हे १९७० च्या सुमारास निश्चित झाले. परंतु मांजर हे बीजकोश बहुधा पहिल्या संसर्गानंतर एक ते तीन आठवडेच बाहेर टाकते, आणि विष्ठेतील कोश संसर्गक्षम होण्यास किमान एक दिवस लागतो. म्हणून मातीची पेटी रोज, आणि घरातील अन्य व्यक्तीने, साफ केल्यास धोका पुष्कळ कमी होतो. मांजर घराबाहेर काढणे हाच त्यावर एकमेव उपाय नव्हे.

औषधांविषयी एक इशारा आवश्यक आहे. पॅरासिटामॉलसारख्या द्रव्यांचे विसर्जन करणारी यकृतातील एक प्रक्रिया मांजरात अत्यंत दुर्बल असते. त्यामुळे माणसाच्या तापाची गोळी, अल्प प्रमाणातही, मांजराला मारक ठरते. कुत्र्याच्या पिसवांवरील पर्मेथ्रिनयुक्त औषधही याच कोटीतील आहे.

७. संवेदनक्षम काळ

शरीर वाचले तरी संगोपन पूर्ण होत नाही. १९३० मध्ये झिंग-यांग कुओ या मानसशास्त्रज्ञाने मांजराची उंदीर मारण्याची वृत्ती जन्मजात आहे काय, याची परीक्षा केली. उंदीर मारणाऱ्या आईसमवेत वाढलेल्या २१ पिलांपैकी १८ उंदीर मारू लागली; एकटी वाढवलेल्या २० पैकी ९; आणि उंदरांच्याच सहवासात वाढलेल्या १८ पैकी केवळ ३. स्वभाव म्हणून जे मानले जाते त्यात बालपणीच्या सहवासाचा वाटा केवढा मोठा असतो, हे यावरून दिसते.

माणसाविषयीच्या वृत्तीलाही हेच लागू पडते. अमेरिकेतील टेम्पल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी १९८० नंतरच्या दशकात केलेल्या प्रयोगांवरून पिलांच्या सामाजीकरणाचा संवेदनक्षम काळ दुसऱ्या ते सातव्या आठवड्यांचा असल्याचे दिसून आले. या काळात रोज हाताळलेली पिले पुढे माणसाकडे आपण होऊन येतात. तो निघून गेल्यावर आरंभ केल्यास तेवढेच परिश्रम अल्प फळ देतात. म्हणून दोन महिन्यांचे, माणूस न पाहिलेले पिलू फिस्कारते ते दुष्टपणाने नव्हे. त्याची वेळ निघून जात असते.

दृष्टीच्या बाबतीत हा काळ आणखी कठोर आहे. ह्यूबेल व वीझेल यांनी १९६३ पासून प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पिलाचा एक डोळा सुरुवातीचे काही आठवडे बंद ठेवला असता, पुढे तो उघडल्यावर डोळा शाबूत असूनही मेंदूला त्याद्वारे दिसेनासे झाल्याचे आढळले. चौथ्या आठवड्यापासून सुमारे तिसऱ्या महिन्यापर्यंत हा धोका असतो. या संशोधकांना १९८१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. संगोपन करणाऱ्याला यातून मिळणारा बोध असा की, पुवाने चिकटलेले पिलाचे डोळे ‘आपोआप उघडतील’ म्हणून सोडून देऊ नयेत; ते रोज स्वच्छ करून वेळीच उपचार करावेत.

माणसाचा सहवास मात्र भावंडांची जागा घेऊ शकत नाही. चावा किती जोराचा असावा, हे पिलू भावंडाच्या प्रतिकारातून शिकते. हेलसिंकी विद्यापीठाच्या २०१७ मधील अभ्यासात आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेल्या मांजरांत आक्रमकता अधिक आढळली. त्यामुळे शक्यतो एका वेतातील पिले वेगळी करू नयेत, आणि एकटे पिलू असल्यास समवयस्क सोबती द्यावा.

८. दत्तक

आठ आठवड्यांच्या सुमारास पिलाचे वजन सुमारे ८०० ते ९०० ग्रॅम होते. ते स्वतः खाते व मातीच्या पेटीचा उपयोग करते. येथपासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ दत्तकासाठी योग्य होय. देताना घर कसे पाहावे? खिडक्यांना व सज्जाला जाळी आहे काय, घरातील सर्वांची संमती आहे काय, आहार व लसीचा खर्च मान्य आहे काय, आणि गावी जाताना मांजराची व्यवस्था कोण पाहील, हे चार प्रश्न कौतुकाच्या शब्दांपेक्षा अधिक उपयोगी आहेत. दोन पिले एकत्र देणे शक्य असल्यास उत्तम.

निर्बीजीकरणाची अट गौण समजू नये. मांजरी चार महिन्यांच्या वयातही माजावर येऊ शकते व गर्भकाळ ६३ ते ६५ दिवसांचा असतो. म्हणजे आज दत्तक दिलेले पिलू सातव्या महिन्याच्या आत स्वतः माता होऊ शकते, आणि जिन्याखालचा प्रश्न पुन्हा तेथेच येतो. म्हणून पाच महिन्यांच्या आत शस्त्रक्रिया करावी, अशी शिफारस अमेरिकेतील पशुवैद्यांच्या तज्ज्ञगटाने २०१६ मध्ये केली. नको झालेले मांजर बाजारात वा मासळीच्या धक्क्यावर सोडून येणे, हा तर १९६० च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक अधिनियमाखाली गुन्हा ठरू शकतो. उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणे त्या अधिनियमाने क्रौर्य मानले आहे.

उरतो तो संगोपन करणाऱ्याच्या मनाचा प्रश्न. रात्री जागून वाढवलेले पिलू परक्याच्या हाती देणे सोपे नसते, आणि ते स्वतःकडेच ठेवण्याचा मोह स्वाभाविक असतो. परंतु एका घरात सुखाने सामावतील अशा मांजरांची संख्या मर्यादित असते. प्रत्येक पिलू ठेवून घेणारे घर दोनतीन वेतांनंतर भरून जाते, आणि त्यानंतर सापडलेल्या पिलासाठी त्याचे दार बंद होते. शिवाय दाटीमुळे संस्थेतील संसर्गाचे दोष त्या घरातही उत्पन्न होतात. संगोपन व दत्तक हे टप्पे भिन्न ठेवण्याचे कारण हेच होय.

९. समारोप

सारांश, मातृहीन पिलाचे संगोपन ही आईच्या कार्यांची क्रमवार पूर्तता आहे : आधी ऊब, मग योग्य दूध, त्याबरोबर विसर्जन, नंतर मांसयुक्त आहार, रोगप्रतिबंध, सहवास आणि शेवटी वियोग. यांतील प्रत्येक गोष्टीचा काळ ठरलेला असून तो दिवसांत वा आठवड्यांत मोजावा लागतो. मांजरीही पिले मोठी झाल्यावर त्यांना दूर सारते. तिची बाकीची सर्व कार्ये पत्करणाऱ्या माणसाने हे शेवटचे कार्यही तिच्याइतक्याच निश्चयाने केले पाहिजे. कारण पुढच्या पिलाचे जीवित त्यावरच अवलंबून असते.